दिवाळीचा खर्च: दुकानाचा कुठला, घरचा कुठला?

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण खताचं दुकान, डाळ मिल यांचा नफा करात धरला जातो. कामगारांचा दिवाळी बोनस, गिऱ्हाइकांना दिलेली मिठाई हा धंद्याचा खर्च. बिलं जपून ठेवा. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका, तो खर्च धरत नाहीत. बँकेतून द्या.

घरच्यांची कोकण सहल मात्र धंद्यात घुसडू नका. गहू-हरभरा आपण एका पोत्यात भरतो का? माझं स्पष्ट मत: चार पैसे वाचवायला जाल आणि तपासणीत खऱ्या बिलांवरही संशय येईल. ८ किंवा ६ टक्के अंदाजित नफ्यावर रिटर्न भरणाऱ्यांना तर वेगळा खर्च वजाच मिळत नाही. मी शेतीचा माणूस. पक्का हिशोब सीएला विचारा.
– तुमचा कृषी सल्लागार