चार म्हणजे शून्य? स्नॅपड्रॅगनच्या ग्राफिक्समधली एक चूक आणि तुमच्या फोनची तारीख

जून २०२५ च्या सुरुवातीला क्वालकॉमने जाहीर केलं की अॅड्रिनो जीपीयूशी संबंधित तीन त्रुटी वापरून मोजक्या, निवडक लोकांवर हल्ले होत असल्याची चिन्हं आहेत. स्नॅपड्रॅगनवाल्या फोनमध्ये ग्राफिक्सचं काम हाच जीपीयू करतो. या तिघांपैकी सीव्हीई-२०२५-२१४७९ ही त्रुटी समजून घेण्यासारखी आहे, कारण ती शाळेतल्या बायनरीच्या गणितात बसते.

जीपीयूच्या आत एक छोटं फर्मवेअर चालतं. गेम असो की ब्राउझर, अॅपने पाठवलेल्या कमांड तेच वाचतं. कमांडची यादी, त्या यादीत आणखी एक यादी, असे थर असतात आणि प्रत्येक थराला नंबर असतो. शून्य नंबर म्हणजे कमांड थेट कर्नलकडून, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याकडून आली. तिला सगळं माफ. पुढचे नंबर अॅप्सचे. त्यांना मेमरीच्या नकाशाला हात लावता येत नाही.

आधीच्या जीपीयूंमध्ये हे नंबर ३ पर्यंतच जायचे. त्यामुळे नंबरचे शेवटचे दोन बिट तपासले की भागायचं. ७०० मालिकेत एक थर वाढला आणि ४ हा नंबर आला, तपासणी मात्र जुनीच राहिली. बायनरीत ४ म्हणजे १००. आता शेवटचे दोन बिट बघा: ००. झालं! अॅपची कमांड फर्मवेअरला कर्नलची वाटली. संशोधकांनी जुनं आणि दुरुस्त केलेलं फर्मवेअर शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा कळीचा फरक हाच निघाला: दोनऐवजी तीन बिट तपासायचे.

टेस्टिंगमध्ये हे सापडणं अवघडच. साधा गेम त्या थरातून असली कमांड कधी पाठवतच नाही. ना स्क्रीन लुकलुकते, ना फोन हँग होतो. हल्लेखोर मात्र मुद्दाम तिथेच जातो. त्यात कॅमेरा किंवा माइकसाठी अॅप निदान तुम्हाला विचारतं, जीपीयूसाठी कुणीच विचारत नाही. स्क्रीनवर काही दाखवायचं तर तो सगळ्यांनाच लागतो.

क्वालकॉमने फोन कंपन्यांना पॅच मे २०२५ मध्येच दिला होता. अँड्रॉइडच्या मासिक बुलेटिनमध्ये तिघांपैकी दोन त्रुटी आल्या त्या ऑगस्टमध्ये. मधल्या काळात तुमच्या फोनवर पॅच आला की नाही, हे सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर. मला विचाराल तर खरी काळजीची जागा हीच आहे. तीन बिटांची दुरुस्ती खिशातल्या फोनपर्यंत पोचायला महिने लागतात.

सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ सर्च करा आणि नुसता महिना नको, तारीखही वाचा. बुलेटिनमध्ये १ तारखेचा आणि ५ तारखेचा असे दोन टप्पे असतात, आणि चिपचे पॅच दुसऱ्या टप्प्यात येतात. म्हणजे ‘१ ऑगस्ट २०२५’ दिसलं तर खात्री देता येत नाही. ५ ऑगस्ट किंवा त्यानंतरची तारीख हवी. फोन त्याआधीच्या तारखेवर अडकला असेल आणि कंपनीने अपडेट थांबवले असतील, तर कुठल्याशा ग्रुपवर आलेली मॉड गेमची एपीके त्यात टाकू नका.