अर्जापुरते इंग्रजी

ग्रामीण महाविद्यालयांतून इंग्रजी कविता हद्दपार करावी, असे मत अलीकडे शिक्षणक्षेत्रातील शहाणीसुरती माणसेही उघडपणे मांडू लागली आहेत. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. ज्या मुलाला चार वाक्ये इंग्रजीत धड बोलता येत नाहीत, त्याच्यापुढे शेक्सपिअर आणि वर्ड्‌स्वर्थ ठेवणे म्हणजे उपाशी माणसाच्या हाती अत्तराची कुपी देणे होय. त्याला अर्ज लिहायला शिकवा, मुलाखतीत उत्तरे द्यायला शिकवा. कवितेचे लाड ज्यांना परवडतात त्यांना करू द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही पदवी अभ्यासक्रमाची नवी रचना लागू झाली आणि भाषाविषयांना 'क्षमता संवर्धना'च्या कप्प्यात बसविण्यात आले, तेव्हापासून तर या मताला अधिकच जोर चढला आहे. हे मत मला चुकीचेच नव्हे, तर अन्यायाचे वाटते. माझ्या म्हणण्याला जो काही आधार आहे, तो आखाडा बाळापूरच्या मुलांचा आहे.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी हे गाव पाहिले नसेल. हिंगोलीहून नांदेडकडे जाताना ते लागते. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, जो १ मे १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता. सभोवती सोयाबीन, कापूस आणि हळद. गावातील आणि आसपासच्या खेड्यांतील काही महाविद्यालयीन मुलेमुली सुटीच्या दिवशी इंग्रजीची पाठ्यपुस्तके घेऊन माझ्याकडे येतात. त्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती नाहीत आणि ती धर्मोपदेश ऐकायला येत नाहीत. 'फादरांना इंग्रजी येते' एवढीच माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोहोचलेली आहे.

इंग्रजी कवितेशी झालेल्या पहिल्या भेटीविषयी मी त्यांना नेहमी विचारतो. उत्तरे जवळजवळ सारखीच असतात. प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला. त्या बारीक अक्षरांच्या गर्दीत मूळ ओळ दिसेनाशी झालेली. 'शब्द सगळे कळाले, पण ह्यो माणूस म्हणतोय काय ते नाही कळालं,' असे एकाने सांगितले. दुसरीने सांगितले की, कविता वर्गात वाचलीच गेली नाही. सारांश फळ्यावर उतरवून दिला आणि पुढची कविता सुरू झाली. गाईड मात्र प्रत्येकाजवळ होते. कवितेच्या आधी कवितेचे उत्तर हाती पडलेली ही मुले आहेत. त्यांना कविता आवडत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? त्यांची तिच्याशी गाठच पडलेली नाही.

आणि तरीही ती गाठ पडते तेव्हा काय घडते, ते सांगितले पाहिजे.

शेक्सपिअरचे अठरावे सुनीत आमच्याकडे अनेकदा निघते. प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्यातील दिवसाशी करावी काय, अशा प्रश्नाने ते सुरू होते. हे मी समजावून सांगितले, तेव्हा एक मुलगा खुदकन हसला. म्हणाला, 'फादर, ही स्तुती आहे की शिवी?' मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर चढतो, विहिरी तळ दाखवतात, पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. त्या दिवसांची उपमा कोणी आपल्या प्रिय माणसाला देईल काय? वर्गात हा मुलगा बहुधा गप्प बसला असता, आणि हसला असता तर ओरडा खाल्ला असता. परंतु साहित्याचा अभ्यास येथेच सुरू होतो. आम्ही नकाशा काढला. इंग्लंड किती उत्तरेला आहे, तेथे हिवाळ्यात दिवस किती लहान असतो, दक्षिणेकडे भर उन्हाळ्यातही दुपार वीस-बावीस अंशांची कशी असते, हे पाहिले. थोडा वेळ विचार करून तोच म्हणाला, 'म्हणजे त्यांचा उन्हाळा हा आपला श्रावण झाला.' गाईडमध्ये त्या कवितेवर चार पाने आहेत. त्यांत हे वाक्य नाही.

दुसरा प्रसंग रॉबर्ट फ्रॉस्टच्या १९२३ सालच्या त्या प्रसिद्ध कवितेचा, जिच्यात एक माणूस बर्फ पडत असताना रानाजवळ घोडा थांबवतो. बर्फ या मुलांनी सिनेमातच पाहिलेला. मी तो समजावून देण्याच्या खटाटोपात होतो. पण एका मुलीचे लक्ष घोड्याकडे होते. वाटेत उगाच का थांबलो, असे विचारावे तसा तो घोडा घंटा वाजवतो. ती म्हणाली, 'बैल पण असंच करतात. रानातून येताना मधीच गाडी थांबवली की मान हलवतात, घुंगुरमाळ वाजते. त्यांना घर माहीत असतं ना.' आणि मग थोड्या संकोचाने, 'माणसाला मात्र कधी कधी जावंसं वाटत नाही.' ही कविता मी विद्यार्थिदशेत अनेकदा वाचली होती, तिच्यावरील टीकालेख वाचले होते. त्या घोड्याला घर माहीत आहे आणि माणसाला ते क्षणभर नकोसे झाले आहे, हे इतक्या सरळपणे मला कोणी सांगितले नव्हते.

आता उपयुक्ततावाद्यांकडे वळू. पोटाचा प्रश्न खोटा नाही. ज्या घरात एका हंगामाचे सोयाबीन गेले की वर्षाचे गणित कोसळते, त्या घरातील मुलाला नोकरी हवी, आणि नोकरीच्या परीक्षेत इंग्रजी आडवे येते. हे मी रोज पाहतो. माझा प्रश्न एवढाच की, कविता काढून टाकल्याने त्याला इंग्रजी येईल, हे कोणी ठरविले? 'संभाषण कौशल्या'चे जे धडे तिच्या जागी येतात, तेही गाईडमधूनच पाठ होतात. प्राचार्यांना रजेचा अर्ज, बँक व्यवस्थापकास पत्र, मित्राला अभिनंदन: नाव आणि तारीख बदलून तेच. मुलाखतीत पहिलाच अनपेक्षित प्रश्न आला की पाठांतराची ही भिंत ढासळते. ज्या रोगाने कविता मारली, त्याच रोगाने अर्जही मारला आहे. मग रोग्यांपैकी एकालाच घराबाहेर काढण्यात कसला आला शहाणपणा?

आणि ही काटकसर नेहमी खेड्यातच का सुचते? मुंबई-पुण्याच्या महागड्या शाळांत कवितावाचनाच्या स्पर्धा होतात, नाटके बसविली जातात. तेथे कोणी म्हणत नाही की या मुलांना अर्जापुरते इंग्रजी पुरे. अर्ज करणाऱ्यांचे इंग्रजी वेगळे आणि अर्ज मंजूर करणाऱ्यांचे वेगळे, अशी ही वाटणी आहे. ती करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेलही. तिचा परिणाम मात्र वाईटच होईल.

या वाटणीमागे थोडा इतिहासही आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्या छत्राखाली पश्चिम महाराष्ट्रातील तरुण इंग्रजी कवितेच्या सहवासात आले. त्यातून मराठीचे नुकसान झाले की लाभ? महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली 'ऑथेल्लो' मराठीत आणला. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून १८८३ साली 'विकारविलसित' सिद्ध केले. केशवसुतांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणले आणि ते सुनीत म्हणून येथे रुजले. पुढे मर्ढेकर आणि विंदा करंदीकर हे तर इंग्रजीचे अध्यापकच होते. त्यांच्या मराठीला कोणी उसनी म्हणून दाखवावे! मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. येथील शेतकऱ्याच्या मुलाला मराठी शाळा मिळणेही दुरापास्त. मग इंग्रजी कवितेचा तो दीर्घ सहवास कोठून मिळणार? नांदेडला विद्यापीठ झाले ते १९९४ साली. सरकारी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. म्हणजे दार आता कोठे उघडते आहे, आणि आतले लोक सांगत आहेत की, बैठक संपली!

'परकी कविता' हा आणखी एक आक्षेप. त्याला उत्तर द्यायला मला लांब जावे लागत नाही. नामदेवांचे जन्मगाव म्हणून ज्याला मान आहे, ते नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. या मातीतील शिंप्याचा मुलगा पंजाबपर्यंत गेला, तिकडच्या लोकांना समजेल अशा भाषेत पदे रचू लागला, आणि त्याची ६१ पदे आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. भाषेचा उंबरठा ओलांडू नये, असे त्याला कोणी सांगितले नाही हे बरे झाले.

उलट दिशेनेही हाच प्रवास झाला आहे आणि तो आपल्या वाचकांना ठाऊक आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. तो शेक्सपिअरचा समकालीन. त्याने येथील बोलीचे व्याकरण लिहिले, जे त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. पण तो व्याकरणावर थांबला नाही. त्याने मराठी ओवी कानात साठवली आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केले. व्यवहारापुरती मराठी शिकून त्याचे काम सहज भागले असते. त्याच्या अनेक सहकाऱ्यांचे भागतच होते. ते आज कोणाला आठवतात?

येथे इंग्रजीच्या अध्यापकांनाही चार शब्द सुनावणे भाग आहे, कारण उपयुक्ततावाद्यांच्या हाती कोलीत त्यांनीच दिले आहे. कविता ही प्रथम कानाची वस्तू आहे. आम्ही सेमिनरीत लॅटिन स्तोत्रे अर्थ कळण्यापूर्वी गायला शिकलो. बाळापूरचे पोर हरिपाठ अर्थ कळण्यापूर्वी टाळावर म्हणते. ज्या मुलांचा कान असा तयार आहे, त्यांना कविता मोठ्याने वाचून न दाखवणे हा निव्वळ आळस आहे. उच्चार चुकतील म्हणून मुले भितात, आणि खरे सांगायचे तर काही अध्यापकही त्याच कारणाने भितात. चुकू द्यावेत. वर्षाला बारा कविता उरकण्याऐवजी चार घ्याव्यात, पण त्या वर्गात प्रत्येकाच्या तोंडून एकदा तरी निघाव्यात. परीक्षेत काही गुण वाचनासाठी ठेवावेत. पहिल्या वर्षी कवितेविषयीचे मत मराठीत लिहिण्याची मुभा द्यावी. श्रावणाचे ते वाक्य त्या मुलाला इंग्रजीत सुचले असते काय? मराठीत सुचले, म्हणून ते पुढे इंग्रजीत मांडायची त्याला गरज भासली. दोन तास खपून त्याने ते मांडलेही, व्याकरणाच्या तीन चुकांसह. क्षमता संवर्धन म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आणि सुरुवात डॅफोडिल्सपासूनच करावी, असा काही दैवी आदेश नाही. अरुण कोलटकरांचे 'जेजुरी' १९७६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले आणि १९७७ साली त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. मराठीतही तितक्याच ताकदीने लिहिणाऱ्या या कवीने एस.टी.तून जेजुरीला जाणे, पडकी देवळे, पुजारी, खंडोबा हे सारे इंग्रजीत आणले. त्यांतील काही कविता मी मुलांपुढे ठेवल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वास दिसला. खंडोबा ज्यांच्या घरचे कुलदैवत आहे, अशी दोघे त्यांत होती. एकाला कवीचा सूर खटकला. देवळाकडे असे त्रयस्थपणे पाहणे त्याला रुचले नाही. दुसरी म्हणाली की, देवळात गेल्यावर जे मनात येते आणि आपण बोलत नाही, तेच याने लिहिले आहे. दोघांचे चांगलेच जुंपले. वाद मराठीत चालला होता. पुरावा म्हणून ओळी मात्र इंग्रजी पुस्तकातून, बोट ठेवून, मोठ्याने वाचल्या जात होत्या. त्या दिवशी कोणालाही शब्दार्थ पेन्सिलीने लिहावेसे वाटले नाहीत. हिंगोलीकडे जाणारी शेवटची गाडी चुकेल, म्हणून मलाच त्यांना उठवावे लागले.