कड्यावरची शिंदळ माकुडी

आमच्या माकुणसार गावातल्या एका वाडीत, ओसरीला टांगलेल्या कुंडीत शिंदळ माकुडी फुलली आहे. बोटाएवढी जाड, रसदार खोडं कुंडीबाहेर लोंबताहेत. त्यांवर रुपयाच्या नाण्याएवढी पाच टोकांची फुलं: काळपट लाल रंग, वर पिवळे ठिपके, कडांना बारीक लव. ‘‘कांडी खोचली नि लागली बघ,’’ काकू म्हणाल्या. ती खरंच इतक्या सहज लागते आणि मला घोर लागलाय तो त्याचाच.

हे झाड रानात उगवतं ते जगात फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या कड्यांवर. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, रंधा धबधबा, शिवथरघळ अशी मोजकीच ठिकाणं. १८६०च्या दशकात निकोल डाल्झेल या वनाधिकाऱ्याने त्याची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून नाव दिलं फ्रेरिया इंडिका. ही माकडशिंगाच्या गटातली, आणि या गटात पानं नावापुरतीच असतात. हिला मात्र पावसाळ्यात चांगली हिरवीगार पानं येतात. उन्हाळ्यात ती गळतात आणि खोडात साठवलेल्या पाण्यावर झाड तग धरतं.

कड्यावर वंश पुढे नेण्याचं खरं काम माशी करते. फुलातल्या परागांच्या चिमुकल्या पिशव्या तिच्या अंगाला अडकतात आणि दुसऱ्या झाडावर पोचतात. मग जोडशेंगा धरतात, त्या तडकल्या की रेशमी झुबक्याचं बी वाऱ्यावर उडतं. त्यातलं एखादंच कातळाच्या भेगेत रुजतं, पण ते आईपेक्षा वेगळं असतं. एखाद्या कोरड्या वर्षी किंवा रोगात काही झाडं गेली, तरी काही टिकतील ती या वेगळेपणामुळेच. काकूंची कुंडी आणि त्यातून गावभर वाटलेल्या कांड्या हे सगळं मिळून एकच झाड आहे. नर्सरीत कांडीची रोपं मिळतात म्हणून जात वाचली, असं कुणी म्हटलं की मला म्हणूनच राहवत नाही.

कुंडीत ती जरूर वाढवा, फक्त कांडी कुंडीतलीच घ्या. आमच्या गावाच्या पूर्वेच्या तांदुळवाडी गडावर ती हौसेने नेऊन लावू नका. त्या डोंगराची स्वतःची झाडं आहेत, त्यांना जागा हवी. कुठल्याही गडावर गवताला काडी लावू नका, वणवा कड्याच्या कडेपर्यंत चढतो. शिवनेरीला गेलात आणि कातळावर फूल दिसलं, तर फोटो काढा, पण नेमका कडा मोबाइलवरून जगाला सांगू नका. वनखात्याला कळवा.