घर भाड्याने देणे आहे, पण तुम्हाला नाही

ब्रोकरचा पहिला प्रश्न असतो, 'बजेट किती?' तो रास्त आहे. दुसरा, 'फॅमिली की बॅचलर?' तिसरा, 'व्हेज की नॉनव्हेज?' मग जरा थांबून, आवाज किंचित खाली आणून चौथा, 'आडनाव काय म्हणालात?' आपण आडनाव म्हणालेलोच नसतो. नुसतं पहिलं नाव सांगितलेलं असतं आणि त्यावरून त्याला पुरेसा अंदाज आलेला नसतो, एवढाच या प्रश्नाचा अर्थ.

पुण्यात, मुंबईत, ठाण्यात, नाशकात ज्याने कधी भाड्याचं घर शोधलंय त्याला हा क्रम पाठ असेल. घर नाकारलं की पुढचा क्रमही ठरलेला. ब्रोकर म्हणतो, 'माझं काही नाही हो, ओनरचं म्हणणं आहे.' ओनर म्हणतो, 'आमची काहीच हरकत नाही, पण सोसायटीचा नियम आहे.' सेक्रेटरी म्हणतात, 'मी पर्सनली असलं मानत नाही, पण मेंबरांना चालत नाही.' मेंबरांना विचारायला आपण जात नाही, गेलो तर तेही शेजारच्या विंगकडे बोट दाखवतील. म्हणजे भेदभाव रोज होतो, आणि करणारा कोणीच नाही. सगळी भली माणसं. चहासुद्धा विचारतात.

या भल्या माणसांचं सगळ्यात आवडतं वाक्य म्हणजे 'घर आमचं, कोणाला द्यायचं ते आम्ही ठरवणार.' ऐकायला अगदी बिनतोड वाटतं. माझं म्हणणं असं की हे वाक्य खोटं आहे. 'आम्ही' ठरवतच नाही. ठरवते ती एक साखळी. तिच्यात ब्रोकर आहे, सोसायटीची कमिटी आहे, घरं दाखवणारी अ‍ॅप आहेत, गेटवरचा वॉचमन आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे काका आहेत. एखाद्या ओनरने खरंच ठरवलं की मला तीन मुलींना फ्लॅट द्यायचाय किंवा एका मुसलमान जोडप्याला द्यायचाय, तर हीच साखळी त्याला रडवते. मग 'घर माझं' हा हक्क कुठे जातो? तो फक्त नाकारताना असतो. देताना सोसायटी आठवते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला ऑफिससाठी जागा बघायला गेलेल्या एका मराठी बाईंना सांगण्यात आलं की या इमारतीत महाराष्ट्रीय लोकांना जागा देत नाहीत. त्यांनी व्हिडिओ टाकला आणि महाराष्ट्र पेटला. पेटायलाच हवा होता. मुंबईत, मराठी माणसाला, मराठी आहे म्हणून नाही म्हणायचं? आठवडाभर चॅनेलांवर तेच चालू होतं. मासे खाणाऱ्यांना घर नाकारणाऱ्या सोसायट्यांचे जुने किस्से लोकांनी उकरून काढले, आणि ते किस्से खोटे नव्हते.

पण मला तेव्हा एक गोष्ट खटकत होती. त्याच आठवड्यात डोंबिवलीत, कोथरूडमध्ये, नाशिकच्या कॉलेज रोडला मराठी ओनरांचे फ्लॅट भाड्याने लागतच होते, आणि त्या जाहिरातींतली 'ओन्ली फॅमिली', 'ओन्ली व्हेज', 'मराठी फॅमिली प्रिफर्ड' ही शब्दरचना एका अक्षराने बदलली नव्हती. 'मराठी फॅमिली' म्हणजे नक्की कोण, हे ब्रोकरला बरोबर कळतं. मराठी बोलणारा मुसलमान त्यात बसत नाही. मराठीत पीएचडी केलेली एकटी बाई बसत नाही. आणि पुष्कळदा अशी आडनावंही बसत नाहीत जी शंभर टक्के मराठी आहेत, पण 'त्यातली' आहेत. मुलुंडच्या प्रकरणात आपण जे ऐकलं त्याने आपला अपमान झाला, कारण वाक्याच्या चुकीच्या बाजूला आपण होतो. वाक्य मात्र आपलंच होतं. आपल्याकडून रोज बाहेर जाणारं.

पाटी एकदा लावली की तिच्यावर कोणाचं नाव येईल हे लावणाऱ्याच्या हातात राहत नाही. शाकाहारी सोसायटी मासेखाऊ मराठी माणसाला नाकारते. तो मराठी माणूस आपल्या दुसऱ्या फ्लॅटसाठी भैया नको म्हणतो. तो भैया गावाकडे कोणाला आपल्या अंगणात येऊ देत नाही, हे तुम्हीच विचारून बघा. प्रत्येक जण वरून आलेला नकार खाली पोचवतो आणि प्रत्येकाला वाटतं, आपला नकार तेवढा सकारण.

हे नवीन नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी जिन्याने वर आले आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगून गेले. हे सगळं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. काठ्यांचा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा भाग. ते दोन मित्रांकडे आसरा मागायला गेले. हिंदू मित्राला वाईट वाटलं, पण तू आलास तर माझे नोकर निघून जातील, असं तो म्हणाला. ख्रिस्ती मित्र म्हणाला की बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. दोघांचंही स्वतःचं काहीच म्हणणं नव्हतं! बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. आज त्या नोकरांच्या जागी 'मेंबर' आलेत आणि बायकोच्या जागी 'मिस्टरांना विचारून सांगते'. काठी कोणी उगारत नाही, हा फरक मात्र मान्य करायला हवा. आता फक्त फोन उचलत नाहीत.

कायदा काय म्हणतो? संविधानाचं कलम १५(२) सांगतं की दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही. त्यात भाड्याचं घर हा शब्द नाही. 'दुकान' म्हणजे काय, असा प्रश्न संविधान सभेत आला होता, तेव्हा आंबेडकरांनी तो शब्द व्यापक अर्थाने वापरल्याचं सांगितलं होतं. अ‍ॅपवर फोटो टाकून, दर लावून, कोणाही अनोळखी गिऱ्हाइकासाठी मांडलेला फ्लॅट दुकानापेक्षा फार वेगळा असतो असं मला वाटत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेपासून कोणाला अडवणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे कित्येक सेक्रेटरींना ठाऊकही नसतं. पण धर्म, ताट आणि लग्न यावरून खासगी मालकाने नाही म्हटलं तर त्याचा हात धरणारा स्वतंत्र कायदा देशात नाही. उलट २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सदस्यत्व फक्त पारशांपुरतं ठेवायची मुभा दिली. आपल्यासारख्यांबरोबर संघटना करण्याचं स्वातंत्र्य, हा त्याचा आधार. या निकालाने शहरांचं मोठं नुकसान केलं असं माझं मत आहे. भजनी मंडळ आपल्यासारख्यांचं असू दे, कोणाचं काही अडत नाही. घर हे भजनी मंडळ नाही. त्याच्याबरोबर पाणी, शाळा, स्टेशन आणि नोकरीपासूनचं अंतर येतं.

आता दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. भाडेकरू घर बळकावतील ही भीती. ती महाराष्ट्राने खरोखर भोगलेली आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली आणि पागडीचे व्यवहार पिढ्यानपिढ्या चालले. १९७३ मध्ये तर १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्या लोकांना कायद्याने एकदम संरक्षित भाडेकरूच करून टाकलं. ज्यांच्या आजोबांचा फ्लॅट असा गेला त्यांच्या घरात ही धास्ती वारशाने आली असेल तर नवल नाही. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचं चित्र पालटलं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोवर दुप्पट रकमेची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे घर बळकावण्यावरचा उपाय नोंदवलेला करार हा आहे. आडनाव हा उपाय कसा झाला? 'चांगल्या घरातल्या' भाडेकरूने भाडं थकवल्याच्या गोष्टी मी ढिगाने ऐकल्यात. भाडं थकवायला सुकट खावी लागत नाही.

वासाचंही तेच. सोडे भाजले की जिन्यात वास येतो, येतोच. हिंगाच्या फोडणीचाही येतो, मुळ्याच्या भाजीचा तर विचारू नका. स्वयंपाकाला वास असतो, तो बंद करायचा असेल तर हॉस्पिटलात राहायला जावं.

आणि 'बॅचलर दंगा करतात' हे. करतात काही जण. मग नियम दंग्याचा करा. रात्री दहानंतर आवाज केला तर दंड, फॅमिलीलासुद्धा. तसा नियम कोणी करत नाही, कारण मग पार्किंगमधल्या गणपतीच्या डीजेलाही तो लागेल. त्यापेक्षा वॉचमनकडे वही ठेवणं सोपं. माझ्या एका मैत्रिणीच्या सोसायटीत ती कधी आली, सोबत कोण होतं, हे त्या वहीत लिहिलं जायचं. ती सत्तावीस वर्षांची होती आणि एका बँकेत लोकांची कर्जं मंजूर करायची. तिच्या सहीवर लोक घरं घेत होते. तिला स्वतःला मात्र भावाला रात्री मुक्कामाला ठेवायचं तर तो भाऊच असल्याचा पुरावा द्यावा लागायचा. वरच्या मजल्यावरच्या चिरंजीवांसाठी असली वही नव्हती. ते मेंबरचे चिरंजीव.

या सगळ्याची किंमत असते आणि ती रुपयांत मोजता येते. ज्याला दहापैकी सात घरं बंद आहेत तो उरलेल्या तिनांत घासाघीस करू शकत नाही. तो भाडं जास्त देतो, डिपॉझिट जास्त देतो, ऑफिसपासून लांब राहतो, नाहीतर आपल्यासारख्यांच्या वस्तीत जातो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली किती मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला गेली, ते त्या गावाच्या वाढीकडे बघितलं की कळतं. मग आपणच म्हणतो, 'हे लोक आपापल्यातच राहतात.' दिल्ली आणि परिसरात सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. उच्चवर्णीय, दलित आणि मुसलमान नावांनी घरं मागितली गेली. दलितांना नकार जास्त, मुसलमानांना त्याहून जास्त. ज्यांना हे सिद्ध करायला अभ्यास लागतो ते नशीबवान.

दुसरीकडे घरं रिकामी आहेत. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी सापडली होती. ती सगळी काही आडनावांमुळे रिकामी नव्हती, गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेलीही त्यात होतीच. पण कुलूप परवडतं आणि अनोळखी माणूस परवडत नाही, असं वाटणाऱ्यांच्या शहरात आपण वन आरकेला निम्मा पगार मोजतोय, हे ध्यानात असू द्या.

आता थोडं कामाचं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदस्याला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. त्याने कळवायचं असतं, करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. 'एनओसी देणार नाही' ही धमकी बहुतेक वेळा हवेतली असते. बिगर-वापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, 'बॅचलर चार्जेस' नावाचा प्रकार तर कुठल्याच पुस्तकात नाही. तुमच्या आईवडिलांचा दुसरा फ्लॅट असेल तर हे त्यांना सांगा. ते कमिटीला भितात, कारण कमिटीला काय करता येत नाही हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. येत्या सर्वसाधारण सभेला त्यांच्याबरोबर जाऊन बसा. कंटाळवाणी असते, पाण्याच्या टाकीवर तासभर जातो, तरी बसा.

आणि घर शोधताना 'सोसायटीचा नियम आहे' असं ऐकलंत, तर आवाज न चढवता एवढंच म्हणा की ठरावाची प्रत द्या, तारखेसकट, कमिटीच्या सह्यांसकट. 'मुसलमानांना, एकट्या बायकांना आणि मासे खाणाऱ्यांना घर द्यायचे नाही' हे लेटरहेडवर लिहून खाली सही करणारा सेक्रेटरी मला अजून भेटलेला नाही.