हिरवळीच्या यंत्राचें सुकाणू

अमेरिकेंत पुष्कळ घरांपुढें एवढी हिरवळ असते कीं, ती कापण्यासाठीं बसून चालवावयाचें लहानसें यंत्र बाळगावें लागतें. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही न्यू जर्सींत मुलाकडे असतां त्याच्या यंत्राचें स्टिअरिंग ढिलें झालें. चक्र चार बोटें फिरवावें, तेव्हां कोठें पुढचीं चाकें हालत. एके दिवशीं उतारावर तें थेट नाल्याकडे निघालें! चिरंजीवांनीं वेळींच ब्रेक दाबला म्हणून निभावलें. नवेंच यंत्र घ्यावें, असें सूनबाईंचें मत पडलें.

मला ही घाई वाटली. चक्राच्या दांड्याखालीं एक लहान दांतेचक्र असतें. तें पंख्याच्या आकाराच्या दांतेरी पट्टीस फिरवितें आणि तेथून सळयांच्या द्वारें गति चाकांस पोंचते. ती वाटेंत कोठें हरवते, हें आधीं पाहावें. यंत्र सपाट जागीं उभें करून प्लगची तार काढली. मुलानें चक्र सावकाश डावीउजवीकडे हालवावें व मीं आडवें होऊन एकेका सांध्यास बोट लावावें, असा क्रम ठेविला. दांतेरी पट्टीचे मधले दांते आधीं झिजतात, कारण यंत्र बहुतेक वेळ सरळच चालतें. पण ते शाबूत होते. खिळखिळा निघाला तो सळईच्या टोंकाचा बॉल जॉइंट.

जुना सांधा काढतांना किती फेरे उलगडले तें मोजावें व नवा तितकेच फेरे बसवावा. नाहीं तर सळईची लांबी बदलून चाकें वांकडीं चालतात. कांहीं सळयांच्या एका टोंकाचे आटे उलटे असतात, तेव्हां जोर करण्यापूर्वीं नीट पाहावें. स्प्लिट पिन नवी घालावी; जुनी सरळ करून वापरण्याची काटकसर येथें नको.

चाकांजवळचे हात तिरपे पाहून चिरंजीव हातोडी घेऊन सरसावले होते! तो तिरपेपणा मुद्दाम ठेविलेला असतो. वळणावर आंतलें चाक बाहेरच्यापेक्षां अधिक वळलें पाहिजे, नाहीं तर तें घासत जातें. ही युक्ति म्यूनिकच्या लांकेनश्पेर्गर यांनीं घोडागाडीसाठीं काढली. लंडनमध्यें १८१८ सालीं तिचें पेटंट घेतलें आकरमान यांनीं, आणि नांव चाललें तेंहि त्यांचेंच.

ग्रीस भरून, पातें बंद ठेवून, सपाटीवर सावकाश दोन फेरे मारले. पुढच्या शनिवारीं हिरवळ सूनबाईंनींच कापली. उताराचा तेवढा भाग मात्र चिरंजीवांकडे ठेविला.