‘मासळीची ॲलर्जी’ लिहिण्याआधी एन्झाइमला विचारा

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या दवाखान्यांत हे वाक्य नेहमी ऐकू येतं, ‘डॉक्टर, मला मासळीची ॲलर्जी आहे.’ खोलात विचारलं तर कळतं की बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात चेहरा लाल झाला, डोकं ठणकलं, धडधडलं, अंगावर चट्टे उठले. शेजारी बसून तेच कालवण खाणाऱ्यांनाही थोडाफार त्रास झाला. मग ही ॲलर्जी कशी? एकाच वेळी अख्ख्या पंगतीला ॲलर्जी होत नाही!

याचं उत्तर एन्झाइमच्या, म्हणजे विकरांच्या, वर्गीकरणात आहे. पूर्वी पेप्सिन, ट्रिप्सिन अशी नावं पडली. त्यावरून काम कळत नाही. १९६१ साली आंतरराष्ट्रीय समितीने नियम केला : एन्झाइम कुठे सापडलं ते पाहायचं नाही, ते कोणती क्रिया घडवतं ते पाहायचं. तेव्हा सहा वर्ग झाले, २०१८ मध्ये सातवा आला.

१. ऑक्सिडोरिडक्टेज : ऑक्सिडीकरण-क्षपण. कापलेलं वांगं काळं पडतं ते यामुळे.
२. ट्रान्सफरेज : एका रेणूचा गट दुसऱ्याला देणारे. लिव्हरच्या रिपोर्टमधलं एसजीपीटी यातलंच.
३. हायड्रोलेज : पाण्याच्या मदतीने तोडणारे. भाकरी चावताना काम करणारं लाळेतलं अमायलेज.
४. लायेज : पाण्याशिवाय, ऑक्सिडीकरणाशिवाय तोडणारे.
५. आयसोमरेज : रेणूची आतली मांडणी बदलणारे.
६. लायगेज : ऊर्जा खर्चून जोडणारे.
७. ट्रान्सलोकेज : पेशीच्या पडद्यातून पदार्थ पलीकडे नेणारे. ॲसिडिटीची पँटोप्राझोलची गोळी जठरातला असाच एक पंप बंद करते.

आता बांगड्याकडे वळू. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी बर्फाविना राहिली की तिच्यावरचे काही जिवाणू वाढतात. त्यांच्याकडे हिस्टिडीन डीकार्बोक्सिलेज असतं. हे चौथ्या वर्गातलं, लायेज. ते हिस्टिडीनमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरतं हिस्टामीन. ॲलर्जीत आपल्या शरीरातून सुटणारं रसायन हेच, म्हणून लक्षणं सारखी दिसतात. फरक एवढाच, की इथे ते ताटातूनच आलेलं असतं. तळून-उकळून ते जात नाही, आणि वासावरून दर वेळी कळतंही नाही.

आपल्या आतड्यात याचा उतारा असतो : डायअमाइन ऑक्सिडेज. हे पहिल्या वर्गातलं. क्षयरोगाची आयसोनियाझिड ही गोळी ते दाबते. म्हणून ती चालू असताना असे मासे खाल्ल्यास काहींना त्रास जास्त होतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. त्या काळात कोणते मासे टाळायचे, हे डॉक्टरांना विचारा.

माझं स्पष्ट मत असं आहे, की नीट चौकशी न करता कुणाच्याही केसपेपरवर ‘मासळीची ॲलर्जी’ लिहू नये. किनाऱ्यावरच्या माणसासाठी हा शिक्का म्हणजे रोजच्या जेवणातली स्वस्त प्रथिनं बंद. शिवाय दोष माशाला लागतो आणि न घातलेला बर्फ सुटतो.

तुम्ही एवढं करा :
• कोणता मासा, बर्फाविना किती वेळ, आणखी कोणाला त्रास झाला, हे डॉक्टरांना सांगा.
• बांगडा, तारली घेताना बर्फातलीच घ्या. घरी आणल्यावर लगेच साफ करून फ्रीजमध्ये ठेवा.
• श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली, तर कारण शोधत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. खरी ॲलर्जी जीवघेणी असू शकते, आणि ती आहे की नाही हे तपासूनच ठरतं.

निदान म्हणजे नुसतं नाव देणं नव्हे. क्रिया कोणती घडली ते कळलं, तर ती कुठे थांबवायची तेही कळतं. बांगड्याच्या बाबतीत ती जागा होडीतली बर्फाची पेटी आहे.