संगणकाचा नकार

युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्स प्रणालींत प्रत्येक आज्ञावली ‘पॅकेज’ म्हणून येते. तिच्यासोबत एक यादी असते: मला कोणाची, कोणत्या आवृत्तीची सोबत हवी, आणि कोणाशीं माझें पटत नाहीं. १९९३ सालीं सुरू झालेल्या डेबियन प्रणालींत ‘एपीटी’ नांवाचा कारभारी या याद्या ताडून पाहतो. नवी आवृत्ति घेतांना मेळ बसला नाहीं, कीं तो काम थांबवितो व कारण सांगतो.

पुष्कळांस हा नकार म्हणजे अडथळा वाटतो. आमच्या मतें तो पहारेकऱ्याचा इशारा आहे. नोव्हेंबर २०२१ मधील एक चित्रफीत पाहा. कॅनडांतील सुप्रसिद्ध लायनस सेबास्टियन हे पॉप ओएस या प्रणालीवर ‘स्टीम’ बसवीत होते. भांडारांतील दोषामुळें पॅकेजांचा मेळ बसेना. अत्यावश्यक पॅकेजें काढलीं जातील, असें एपीटीनें बजावलें. तरीहि पुढें जावयाचें तर ‘होय, मी सांगतों तसें कर’ या अर्थाचें इंग्रजी वाक्य टंकावें लागे. त्यांनीं तें टंकलें, आणि पडद्यावरील सारा संसार नाहींसा झाला! पुढें एपीटीच्या कर्त्यांनीं ही वाट अधिक बिकट केली. परंतु इशारा मूळचाच होता.

मग नवी आवृत्ति घेऊंच नये काय? तेंहि बरें नव्हे. जुन्या आवृत्तीची डागडुजी कधींतरी थांबते, आणि चोरवाटा उघड्या राहतात. तेव्हां प्रथम आपल्या कामाची नक्कल अन्यत्र ठेवावी. संदेश शेवटपर्यंत वाचावा. ‘सिम्युलेट’ची सोय वापरून, प्रत्यक्ष कांहीं न बदलतां, काय काय काढलें जाणार तें पाहावें. परक्या भांडारांतून आणलेलें अथवा ‘होल्ड’ करून अडकवून ठेवलेलें पॅकेज पुष्कळदां भांडणाचें मूळ असतें, तें शोधावें. डेबियन ११ वरून एकदम १३ वर उडी न घेतां १२ ची पायरी चढावी. ‘अपग्रेड’ बसविलेलें कांहीं काढीत नाहीं, ‘फुल-अपग्रेड’ जरूर पडल्यास काढतें, हा भेद ध्यानांत ठेवावा.

सर्व पुसून नव्यानें मांडणें सोपें खरें. पण कारण न कळल्यास तेंच भांडण पुन्हां दारांत उभें राहतें.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. संगणक अडला तर मुलांवर रागावण्यापूर्वीं ‘संदेश काय होता?’ असें विचारावें. ज्यास तो नीट सांगतां येईल, त्याचें अर्धें काम झालें असें समजावें.